टाका वाकडा चालेल, गाठ सैल नको

पालघर, बोईसर, तारापूर, चिंचणी या पट्ट्यात थंडी ती कितीशी? डिसेंबर-जानेवारीत पहाटे पंखा एका आकड्याने कमी करावा लागतो, अंगावर काहीतरी ओढावंसं वाटतं, एवढंच. जव्हार-मोखाड्याच्या माथ्यावर गारठा जास्त, पण किनाऱ्यालगत जाड रजई घेतली की मध्यरात्री ती लाथाडलीच जाते. इथल्या हवेला लागते ती धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची, तीन-चार पदरांची गोधडी. नेमकी तीच घरी शिवायला सगळ्यात सोपी. जाड नसल्यामुळे सुई अडत नाही, कापूस भरायचा नसल्यामुळे पिंजारी शोधावा लागत नाही, आणि शिलाई मशीन तर लागतच नाही.

मग हात का धजत नाही? गोधडी आपण पाहिलेली असते आजीच्या खाटेवर, पण शिकायला जातो मोबाइलवरच्या व्हिडिओंकडे. तिथे फिरत्या पात्याच्या कटरने कापलेले एकसारखे चौकोन असतात, पारदर्शक पट्ट्या असतात, कोपऱ्याला कोपरा केसाइतकाही फरक न पडता भिडलेला असतो. ते पाहून वाटतं, हे आपलं काम नव्हे. साड्यांचं गाठोडं परत माळ्यावर जातं.

ही भीती चुकीच्या जागची आहे, ती कशी ते आधी समजून घेऊ. त्या व्हिडिओंतली पद्धत अशी : लहान लहान तुकडे कडेला कड लावून, पाव इंच आत शिवण घेऊन जोडायचे आणि त्यातून वरचं कापड तयार करायचं. समजा, एका ओळीत बारा चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोन कापताना-शिवताना दोन मिलिमीटरचा फरक पडला. ओळीच्या शेवटी तो चोवीस मिलिमीटर होतो, म्हणजे जवळपास एक इंच. वरची ओळ एक इंच लांब आणि खालची बरोबर, तर दोन्ही जुळणार कशा? म्हणून तिथे अचूकपणा लागतो. तो कुणाच्या टापटिपीचा भाग नाही. ती पद्धतच तशी आहे, चूक साठवत जाणारी.

गोधडीचा हिशेब वेगळा. खाली अखंड कापड पसरलेलं असतं. त्यावर तुकडे ठेवत जायचे आणि वरपासून खालपर्यंतचे सगळे पदर एकाच टाक्यात पकडायचे. पुढचा तुकडा मागच्याच्या कडेवर बोटभर चढवला की मागच्याची वाकडी कातर झाकली जाते. एका तुकड्याची चूक दुसऱ्याच्या वाट्याला जातच नाही. तुकडा कमी पडला तर शेजारी आणखी एक ठेवा, मोठा झाला तर कड दुमडा. मापाची टेप घरात नसलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या शिवल्या, त्या याच बळावर.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ शिवतात. कडेपासून सुरुवात करायची, रंगीत तुकडे ठेवत आणि धावदोरा घालत चारही बाजूंनी फिरत फिरत मध्याकडे यायचं. आधी आखलेली नक्षी नसते. हाताशी पुढचा जो तुकडा येईल त्यावर ठरतं. शेवटी चार कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, ती नसली तर कवंदी उघडीबोडकी मानतात. आपल्याकडच्या गोधड्यांचंही दस्तऐवजीकरण झालेलं आहे. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी खास महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत पुस्तक केलं आहे. कुठे मिळालं तर मजकूर बाजूला ठेवून आधी नुसते फोटो पाहा. टाक्यांच्या ओळी कशा लहरीप्रमाणे वळतात, मध्येच दोऱ्याचा रंग कसा बदलतो ते दिसेल. रंग बदलला, कारण तो दोरा संपला असणार.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची छोटीशी वस्ती आहे. तिथल्या बायकांनी कामाचे फाटके कपडे, डेनिम, पोती अशा हाती लागेल त्या कापडाच्या गोधड्या शिवल्या. तिरक्या पट्ट्या, वाकडे चौकोन, कुठेच काटकोन नाही. २००२ साली त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्याने त्यांच्यावर तिकिटं काढली. आपली गोधडी संग्रहालयात जावी म्हणून हे सांगत नाही. वाकडी रेघ डोळ्याला खुपत नाही, उलट धरून ठेवते, याचा तो चांगला पुरावा आहे म्हणून सांगते.

जाता जाता एका लाडक्या दंतकथेचाही निकाल लावू. आमिश पंथाच्या बायका म्हणे गोधडीत मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. गोष्ट गोड आहे, पण गोधड्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांना तिला आधार सापडलेला नाही. मला तर ती गोष्ट उर्मटच वाटते. मुद्दाम एकच चूक ठेवायची म्हणजे बाकी सगळं निर्दोष झालं असं गृहीतच धरलं की! आपल्या पहिल्या गोधडीत चुका न बोलावता येतील, भरपूर येतील.

जिथे तडजोड करायची नाही

सगळंच चालतं असं मात्र नाही. गोधडीत तीन ठिकाणी नेटकेपणा लागतो : कापड निवडताना, पदर अंथरताना आणि दोऱ्याची टोकं बांधताना. या तिन्ही जागा पक्क्या असल्या की बाकीच्यावर डोळेझाक करता येते. गंमत अशी की नवशिके नेमके उलट करतात. टाके मोजत बसतात, पण कापड न धुता घेतात.

कापडापासून सुरुवात करू. जुन्या सुती साड्या, लुगडी, धोतरं, पंचे, मऊ चादरी हे उत्तम. वर्षानुवर्षं धुतल्यामुळे त्यांचं आटणं आटून झालेलं असतं, जायचा तो रंग गेलेला असतो. जुनं कापड फक्त काटकसरीपोटी वापरत असत असं नाही. गोधडीसाठी ते खरोखरच सरस. मात्र प्रकाशासमोर धरून पाहा. विरलेला भाग कापून टाका किंवा मधल्या पदरात घ्या. बोटांनी ताणल्यावर टर्रकन फाटत असेल तर ते कापड पायपुसण्याच्या लायकीचं. तिथे माया उपयोगाची नाही, मग ती साडी कुणाच्या का लग्नातली असेना.

नवीन कापड किंवा शिंप्याकडची कातरणं घेणार असाल तर तीन गोष्टी करा. एक, कोमट पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात थोडंफार आटतंच. शिवल्यावर आटलं तर गोधडीला सुरकुत्या पडतात. दोन, ओला पांढरा रुमाल रंगीत तुकड्यावर घासून बघा. रुमाल रंगला तर तुकडा पुन्हा पुन्हा धुवा, तरीही रंग जात राहिला तर बाद करा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो, हा घरगुती समज आजच्या बाजारातल्या रंगांना फारसा लागू पडत नाही. तीन, कापड सुती आहे का ते जाळून पाहा. चार-सहा धागे काढून स्टीलच्या ताटलीवर चिमट्यात धरून पेटवा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि गार झाल्यावर टणक मणी होतो. पॉलिस्टर घाम शोषत नाही. आपल्या दमट हवेत, तेही मे महिन्यात, त्याची गोधडी अंगाखाली कशी लागेल ते सांगायला नको.

तारापूर एमआयडीसीमुळे आपल्या भागात कापडाची एक खास सोय आहे आणि एक खास धोकाही. इथे रसायनांच्या आणि पोलादाच्या कारखान्यांबरोबर कापड विणणारे, रंगवणारे कारखानेही आहेत. त्यामुळे तुकडे, थानांची टोकं, नमुन्यांच्या पट्ट्या ओळखीतून किंवा किलोच्या भावाने मिळू शकतात. पडद्याचं-सोफ्याचं कापड दिसायला झकास, पण बहुधा कृत्रिम धाग्याचं आणि जाड असतं. ते बसकराला घ्या, पांघरुणाला नको. आणि गोणीभर चिंध्या स्वस्त मिळाल्या तरी त्या कुठून आल्या ते विचारा. यंत्रं पुसलेल्या, तेलाचे वा रसायनांचे डाग असलेल्या, उग्र वास येणाऱ्या चिंध्या धुऊनही घरात आणू नयेत.

आता अंथरणं. माझ्या मते गोधडीचं खरं कौशल्य इथेच आहे. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर. तिच्या लांबीत तीन घड्या घातल्या की एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांब आणि साडीच्या पन्ह्याइतकी, म्हणजे सव्वा मीटरच्या आत-बाहेर रुंद अशी तीन पदरांची एकेरी गोधडी मिळते. काहीही कापावं लागत नाही! नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास भरतं. त्याच्या चार घड्या घातल्या की दोन मीटरहून थोडी लांब, चार पदरांची गोधडी होते. उंच माणसाला तीच बरी.

फरशी पुसून कोरडी करा. सगळ्यात खालचा पदर उलटी बाजू वर करून पसरा आणि चार कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, जाड पुस्तकं, काहीही वजन ठेवा. कापड ताणायचं नाही, नुसतं निपटायचं : तळहात मध्यावर ठेवून बाहेरच्या दिशेने फिरवा. प्रत्येक पदर असाच. खालचा पदर ताणलेला आणि वरचा सैल राहिला की शिवताना वरचं कापड पुढे पुढे सरकतं आणि शेवटी मध्यावर फुगा धरतो. मग लोक म्हणतात, आमचा टाका चुकला. टाक्याचा दोष नसतो, अंथरणं घाईत झालेलं असतं. सगळे पदर पसरल्यावर मध्यापासून चार कडांकडे आणि मग चार कोपऱ्यांकडे लांब लांब कच्चे टाके घाला. मग त्यांच्या मधल्या जागेत वीतभर अंतराने आणखी ओळी. हे टाके शेवटी उसवायचे असतात, त्यामुळे पांढऱ्या साध्या दोऱ्याने, चार बोटं लांब घातले तरी चालतील. या कामाला दोघं असली तर बरं. घरात नुसता टीव्ही पाहत बसलेला माणूस असेल तर त्याला बोलवा. गोधडी अंथरायला शिवता यावं लागत नाही.

तिसरी जागा दोऱ्याच्या टोकांची. गोधडी उसवते ती टाका मोठा म्हणून नव्हे, टोक सुटतं म्हणून. सुरुवातीला गाठ मारून ती दोन पदरांच्या मध्ये ओढून घ्या. दोरा संपत आला की एकाच जागी दोन-तीन बारीक टाके घालून त्यांच्या फासातून सुई काढा आणि उरलेलं टोक पदरांच्या आतून बोटभर दूर नेऊन कापा. यात कंटाळा नको.

बाकी सगळं हाताच्या मर्जीवर

पहिलीच गोधडी डबल बेडची नको. दीड फूट बाय दीड फुटाचं बसकर शिवा. मग बाळाचं दुपटं, मग एकेरी गोधडी. बसकर चार-सहा बैठकींत संपतं. एक वस्तू पुरी झालेली पाहणं नवशिक्या हाताला फार गरजेचं असतं. अर्धवट मोठी गोधडी कपाटातून आपल्याकडे डोळे वटारून बघते, आणि छंद म्हणून घेतलेलं काम देणं होऊन बसतं.

सुई मध्यम जाडीची आणि मोठ्या नेढ्याची घ्या. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. दोरा सुती आणि थोडा जाड; मिळाला नाही तर शिलाईचा साधा दोरा दुहेरी करा किंवा भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्याचे तीन पदर वापरा. एका वेळी हातभर दोरा पुरे, फार लांब घेतला की गुंतण्यातच वेळ जातो. मेणबत्तीच्या तुकड्यावरून दोरा एकदा ओढला तर तो गुंतत नाही, पदरांतून सुरळीत सरकतो. मधल्या बोटात अंगुस्तान घाला. सुरुवातीला अडचण वाटते, पण तीन-चार पदरांतून तासभर सुई ढकलल्यावर त्याची किंमत कळते.

टाका एकच : धावदोरा. एका इंचात तीन टाके आले तरी पहिल्या गोधडीला पुष्कळ झाले. हात बसला की आपोआप पाच होतात. ओळीपासून ओळ दोन बोटं दूर. पट्टीने रेघा मारू नका. आधीच्या ओळीच्या शेजारून, तिच्या वळणाने जा. पहिली ओळ वाकडी गेली तर दुसरी तिच्या मागे जाईल, तिसरी त्याच वळणावर, आणि पाच-सहा ओळींनंतर ते वळण नक्षी दिसायला लागतं. ज्या ओळी धुतल्यावर पाण्याच्या लाटांसारख्या दिसतात, त्या अशाच झालेल्या असतात. खालच्या बाजूला टाके वरच्याइतके एकसारखे येणार नाहीत. प्रत्येक टाक्यात सगळ्यात खालचा पदर पकडला गेला आहे की नाही, एवढं मात्र अधूनमधून उलटून बघा. सुटला असेल तर उसवू नका, परतीच्या ओळीत त्या जागी जास्तीचा टाका घाला.

उसवायचं कधी? तीनच कारणांनी : चुणी पडली, पदर सुटून मोठी पिशवी झाली, किंवा दोरा इतका ओढला गेला की कापड गोळा झालं. वाकडं दिसतं, रंग जुळत नाही, टाके लहान-मोठे आले, ही उसवण्याची कारणं नव्हेत. जुनं कापड उसवल्याने आणखी विरतं, हे त्यातलं व्यवहारी कारण.

बाजारात जायच्या आधी शेजारी चौकशी करा. बोईसरसारखं गाव गोधडी शिकायला महाराष्ट्रात क्वचितच दुसरं असेल. १९६९ मध्ये तारापूर अणुऊर्जा केंद्र सुरू झालं, पुढे औद्योगिक वसाहत वाढली, आणि देशभरातली कुटुंबं इथे आली. तुमच्याच इमारतीत बंगाली काकू असतील तर त्यांच्या माहेरी कांथा असतो, बिहारच्या भाभींना सुजनी माहीत असते, उत्तर प्रदेशच्या घरात कथरी, उत्तर कर्नाटकातल्या अक्कांकडे कौदी. नावं वेगळी, पण हात तोच : जुनं कापड, दोन-चार पदर, धावदोरा. कांथावाल्या काकू धावदोऱ्याने मासे आणि कमळं काढून दाखवतील. एका दुपारी चौघीजणी सतरंजी टाकून बसलात तर कुठल्याही वर्गाची फी वाचते.

आपल्या डहाणू-तलासरी-जव्हारची वारली चित्रकला गोधडीवर आणायचा मोह इथे अनेकांना होतो, आणि तो रास्त आहे. वर्तुळ, त्रिकोण आणि रेघ यांवर उभी असलेली चित्रं धावदोऱ्याला फार मानवतात. गेरूच्या रंगाचं कापड आणि पांढरा जाड दोरा एवढ्यात तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर उतरतो. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं बघा. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामात जाळं, मुंग्या, धान्य असे विषय नुसत्या ठिपक्या-रेघांनी भरलेले दिसतात, आणि एकही रेघ पट्टीने मारलेली नसते. एक भान मात्र ठेवा. लग्नातला चौक आणि त्यातली पालघट देवी हा वारल्यांच्या विधीचा भाग आहे. तो बसकरावर किंवा पायाखालच्या वस्तूवर काढू नये. पक्षी, झाडं, माणसं, ताडाची रांग यांना कुणाची हरकत नाही.

विरार-डहाणू पट्ट्यातल्या नोकरदारांचा प्रश्न वेगळा : वेळ कुठला? डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून धावते आहे, आणि पालघर किंवा बोईसरहून मुंबईत रोज जाणाऱ्यांचे दिवसाचे तीन-चार तास गाडीत जातात. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, गजरे ओवले जातात, क्रोशे चालतो, तिथे गोधडीही चालेल. एक फूट बाय एक फुटाचे तीन पदरी चौकोन घरीच कच्चे टाके घालून तयार ठेवा आणि गाडीत फक्त धावदोरा घाला. कडेला दोन बोटं जागा न शिवता सोडा. पुरेसे चौकोन झाले की ते शेजारी शेजारी ठेवून जोडावर पुढून-मागून कापडाची पट्टी शिवायची. पट्टी रुंद घेतली की चौकोनांची लहान-मोठी मापं तिच्याखाली लपतात. बसायला जागा मिळाली तरच सुई काढा. उभ्याने, गर्दीत नको. कात्री बोथट टोकाची न्या आणि दोरा न ओवलेली सुई कधीच बाहेर ठेवू नका; दोरा असेल तर पडलेली सुई सापडते.

यातून मन खरंच शांत होतं का? स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथे एका गोधडी-गटातल्या २९ जणांशी बोलून केलेला एक अभ्यास २०१२ साली छापून आला आहे. रंगांनी मन उल्हसित होतं, कामात गुंग व्हायला होतं, चार माणसं जोडली जातात, असं त्या मंडळींनी सांगितलं. मुळात आवड होती म्हणूनच ती गटात होती, तेव्हा यावरून गोधडीला औषध ठरवायची गरज नाही. पण हात एकाच तालात चालतो, डोळे एकाच ओळीवर असतात आणि मोबाइल धरायला हात रिकामा राहत नाही, एवढं तरी नक्की. रात्रपाळी करून आलेल्याला लगेच झोप येत नाही, तेव्हा पडद्यासमोर बसण्यापेक्षा दोन ओळी टाके बरे. ओळी ठरवून घ्या, तास नको. आणि टाके मोजू नका. मोजायला लागलात की घरात दुसरी पाळी सुरू झाली समजा.

शरीराचीही काळजी घ्या. गोधडी अंथरून तिच्यावरच बसून, एक पाय लांब करून शिवायची जुनी बैठक सोयीची आहे, पण गुडघे कुरकुरत असतील तर डायनिंग टेबलावर काम पसरा. गोधडीचा भार टेबलावर हवा, मांडीवर किंवा हातावर नको. उजव्या हाताने शिवत असाल तर उजेड डावीकडून येऊ द्या. पावसात वीज गेली की काम बंद. टॉर्चच्या उजेडात गडद कापडावर टाके घालण्याइतकं तातडीचं गोधडीत काहीच नसतं.

इथल्या हवामानाला धरून कामाची वाटणी अशी करा. कापड धुणं, वाळवणं, अंथरणं आणि कच्चे टाके हे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उरका. जूनपासून पावसात बसून नुसता धावदोरा. सातपाटीला १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्या दिवसांत जाळी दुरुस्तीला निघतात. हातकामाचा काळ म्हणून पावसाळा इथे नवा नाही. मात्र ओलसर कापडाची घडी कधीही घालू नका, बुरशीचे काळे ठिपके सुती कापडातून सहसा निघत नाहीत. चिंचणी, केळवे, शिरगावसारख्या समुद्रकाठच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने सुया गंजतात आणि गंजलेली सुई कापडावर तपकिरी डाग ठेवून जाते. सुया मेणाच्या तुकड्यात टोचून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, काम संपल्यावर गोधडीत टोचून ठेवू नका.

दुपटं शिवणार असाल तर दोन गोष्टी आवर्जून. त्याला टिकल्या, मणी, बटणं, लोंबत्या झालरी नकोत, आणि पहिल्या वर्षात ते बाळाच्या खाली सपाट अंथरा. झोपलेल्या बाळावर सैल पांघरूण घालू नका, ते तोंडावर येऊ शकतं. दुसरं म्हणजे बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवायच्या नाहीत. त्यातल्या नॅप्थालीनने काही नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होते. कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरे, आणि वापरण्याआधी धुऊन ऊन.

गोधडी भिजली की तिचं वजन किती वाढतं ते पहिल्यांदा धुताना कळतं. दोघांनी मिळून पिळा किंवा न पिळता नुसती निथळू द्या. एकाच दोरीवर लोंबकळत ठेवली तर ओल्या वजनाने टाके ताणले जातात. दोन दोऱ्यांवर किंवा गच्चीच्या कठड्यावर पसरा. नवरात्रात घट बसण्याआधी गोधड्या धुवायची आपल्याकडची रीत हवामानालाही धरून आहे : पाऊस ओसरलेला असतो आणि ऑक्टोबरचं ऊन तोंडावर आलेलं असतं. अख्ख्या दिवसाच्या उन्हाची खात्री नसेल तर धुवायला काढूच नका.

गोधडी गच्चीवर वाळत घातली की एक धोका उरतो : कुणीतरी वर बघून विचारतं, आमच्यासाठी एक करून द्याल का, पैसे देऊ. निदान पहिलं वर्ष नाही म्हणा. एकेरी गोधडीचे टाके काही हजारांत जातात, त्याला आठवडे लागतात, आणि विचारणारा मनात बाजारातल्या मशीनच्या रजईची किंमत धरून असतो. पैसे घेतले की त्याचा रंग, त्याची तारीख, त्याची सरळ रेघ आली. त्यापेक्षा त्याला सांगा, घरातली एक जुनी सुती साडी घेऊन रविवारी दुपारी या, अंथरायला मी मदत करते.